गणवेशातला कोणता दिवस 'दिवस' धरायचा?

मे २०२०. अमेरिकेत कोविडची पहिली लाट भरात होती आणि नॅशनल गार्ड या राखीव दलाचे चाळीस हजारांहून जास्त जवान कामाला जुंपलेले होते. कुणी चाचणी केंद्रांवर उभं, कुणी वृद्धाश्रमांच्या खोल्या निर्जंतुक करतंय, कुणी अन्नाची खोकी भरतंय. त्यांच्या तैनातीचा केंद्र सरकारचा हुकूम २४ जूनला संपणार होता. त्या तारखेत वावगं काही दिसत नव्हतं, पण कुणीतरी कॅलेंडरवर बोट ठेवून मोजायला घेतलं. पहिल्यापासून कामावर असलेल्या बऱ्याच जवानांचे त्या दिवशी बरोबर ८९ दिवस भरत होते. शिक्षणाचा सरकारी लाभ सुरू व्हायला लागतात ९०.

बातमी फुटली, गदारोळ झाला, मुदत ऑगस्टच्या मध्यापर्यंत वाढली आणि प्रकरण मिटलं. ८९ या आकड्यावर सगळ्यांनी मनसोक्त राग काढून घेतला. पण ज्या राखीव सैनिकांचे शेकडो दिवस शिक्षणाच्या या हिशेबात धरलेच जात नाहीत, त्यांच्याबद्दल त्या गदारोळात फारसं कुणी बोललं नाही. त्यांचे दिवस मोजा, एवढंच सांगणारं एक विधेयक अमेरिकी संसदेत गेली काही वर्षं येतंय, अडकतंय, मुदत संपून मरतंय आणि पुन्हा येतंय. ते नेमकं काय आहे, त्याला विरोध कशासाठी होतो आणि मला तो विरोध बराचसा का पटत नाही, ते समजावून सांगण्याचा हा प्रयत्न.

हे राखीव सैनिक म्हणजे कोण?

अमेरिकी सैन्यात ढोबळमानाने दोन तऱ्हेची माणसं असतात. एक पूर्णवेळची. छावणीत राहायचं, रोज हजेरी, दरमहा पगार. त्यांना 'सक्रिय सेवेतले' म्हणतात. दुसरे राखीव. हे एरवी नर्स असतात, पोलिस असतात, वायरमन असतात आणि मोठ्या संख्येने कॉलेजात शिकणारी मुलं-मुली असतात. महिन्यातून एक शनिवार-रविवार आणि वर्षातून सलग दोन आठवडे ते गणवेश चढवतात. त्या शनिवार-रविवारला तिकडे 'ड्रिल' म्हणतात. सोमवारी परीक्षा असली तरी ड्रिल चुकवता येत नाही.

राखीव दलांचेही पुन्हा दोन प्रकार. 'रिझर्व्ह' हे पूर्णपणे केंद्राचं. 'नॅशनल गार्ड' मात्र दोन मालकांचं : एरवी राज्याच्या गव्हर्नरचं, गरज पडली की राष्ट्राध्यक्षांचं. पुढे जो काही घोळ दिसेल, त्यातला निम्मा या दोन मालकांमुळे आहे. सगळी दलं मिळून नियमित ड्रिल करणारे साधारण साडेसात लाख लोक आहेत.

शीतयुद्धाच्या काळात राखीव सैनिक म्हणजे भिंतीवर टांगलेली आगीची लाल बादली होती. आहे हे माहीत असायचं, पण हात लावायची वेळ क्वचित यायची. ११ सप्टेंबर २००१ नंतर हे चित्र पालटलं. तेव्हापासून राखीव दलांतल्या लोकांना कामावर बोलावण्याचे आदेश दहा लाखांच्या वर निघाले आहेत. इराक, अफगाणिस्तान, सरहद्द, वादळं, महासाथ. बादली रोज वापरात आली, पण तिच्याबद्दलचे नियम ती भिंतीवर असतानाचे राहिले.

नव्वद दिवस आले कुठून

मूळ गोष्ट १९३२ ची आहे. पहिल्या महायुद्धात लढलेल्यांना सरकारने बोनस कबूल केला होता, पण तो हातात पडणार होता १९४५ मध्ये. मधेच महामंदी आली. पोटाला चिमटा बसला तसे हजारो माजी सैनिक बोनस आताच द्या म्हणत राजधानीत येऊन झोपड्या टाकून बसले. सरकारने त्यांना हुसकावायला त्यांच्यावर सैन्यच घातलं. स्वतःच्याच सैनिकांवर रणगाडे आणणारा देश, ही लाज पुढची कित्येक वर्षं राजकारण्यांच्या मनातून गेली नाही.

म्हणून दुसरं महायुद्ध संपायच्या आधीच तयारी सुरू झाली. दीड कोटीहून जास्त माणसं घरी परतणार होती. त्यांना एकदम नोकऱ्या कुठून द्यायच्या? माजी सैनिकांच्या 'अमेरिकन लीजन' या संघटनेचे हॅरी कोल्मरी यांनी वॉशिंग्टनच्या मेफ्लॉवर हॉटेलात बसून एका कायद्याचा मसुदा हाताने लिहिला. परतलेल्या सैनिकाला शिकायचं असेल तर शुल्क सरकार भरेल, वर खर्चाला पैसे देईल. दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीत हे घोडं असं अडलं की जॉर्जियाचे खासदार जॉन गिब्सन यांना रातोरात राजधानीत आणावं लागलं. त्यांच्या मताने कोंडी फुटली आणि २२ जून १९४४ ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सही केली. कायद्याचं अधिकृत नाव लांबलचक होतं. लोकांनी त्याला 'जीआय बिल' म्हटलं. जीआय म्हणजे साधा शिपाई.

पात्रतेची अट होती युद्धकाळातली किमान ९० दिवसांची सेवा. तोच आकडा कायदे बदलत गेले तरी तगून राहिला आणि २०२० मध्ये कॅलेंडरवरच्या त्या बोटाला आडवा आला.

शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांना तेव्हा भीती वाटली होती की या योजनेने विद्यापीठं म्हणजे भटक्यांचे अड्डे होतील. झालं उलटंच. १९४७ मध्ये अमेरिकी कॉलेजांत प्रवेश घेणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे माजी सैनिक होते. सुमारे २२ लाख जण कॉलेजात गेले; कारागिरी, शेती आणि इतर प्रशिक्षण धरलं तर आकडा ७८ लाखांच्या घरात जातो. हे चित्र सगळ्यांसाठी गोजिरं नव्हतं, हेही सांगायला हवं. अंमलबजावणी स्थानिक हातांत असल्यामुळे कृष्णवर्णीय सैनिकांना, विशेषतः दक्षिणेत, हा लाभ बहुतेक वेळा कागदावरच मिळाला. कोण पात्र आहे हा प्रश्न या कायद्याला जन्मापासून चिकटलेला आहे.

आजचा जिना

सध्या जो कायदा चालतो तो २००८ चा. व्हिएतनाम युद्ध लढलेले व्हर्जिनियाचे सेनेटर जिम वेब यांनी तो मांडला आणि १ ऑगस्ट २००९ पासून तो लागू झाला. लाभ घसघशीत आहे. ३६ महिन्यांपर्यंत, म्हणजे साधारण चार शैक्षणिक वर्षं, सरकारी विद्यापीठाचं त्या राज्यातल्या विद्यार्थ्याला लागणारं पूर्ण शुल्क. खासगी कॉलेज असेल तर एका मर्यादेपर्यंत. शिवाय कॉलेज जिथे असेल तिथल्या घरभाड्याच्या हिशेबाने दरमहा भत्ता आणि पुस्तकांसाठी वर्षाला १,००० डॉलरपर्यंत.

मात्र हा लाभ सगळ्यांना सारखा मिळत नाही. त्याचा जिना आहे. सक्रिय सेवेचे ९० दिवस भरले की लाभाचे ५० टक्के. सहा महिने झाले की ६०. दीड वर्षाला ७०, दोन वर्षांना ८०, अडीच वर्षांना ९०, आणि ३६ महिने, म्हणजे १,०९५ दिवस भरले की शंभर टक्के. हा जिना नीट लक्षात ठेवा. पुढे विरोधकांच्या सर्वांत मोठ्या आक्षेपाचं उत्तर त्याच्याच पायऱ्यांवर आहे.

जिना उत्तम आहे. भांडण एवढंच की पाऊल कशाला म्हणायचं.

दिवस तोच, कलम वेगळं

पूर्णवेळच्या सैनिकाचं सोपं असतं. सुरुवातीचं प्रशिक्षण सोडलं (त्याचे नियम निराळे आहेत), तर त्याचा प्रत्येक दिवस मोजला जातो. सराव केला तरी, कचेरीत फायली लावल्या तरी, छावणीत झाडू मारला तरी.

राखीव सैनिकाच्या बाबतीत मात्र विचारलं जातं : तुला कोणत्या कलमाखाली बोलावलं होतं? कायद्यात कलमांची एक यादीच आहे. हुकमावरचं कलम यादीत असेल तर दिवस मोजायचा, नसेल तर तो दिवस शिक्षणाच्या हिशेबात उगवलाच नाही असं समजायचं.

यातली तीन नावं कळली की पुरे. 'टायटल १०' म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या हाताखालची केंद्रीय सेवा. 'टायटल ३२' म्हणजे पैसा केंद्राचा, पण हुकूम गव्हर्नरचा. हे फक्त गार्डला लागू. आणि तिसरी 'राज्य सेवा', जिच्यात हुकूमही राज्याचा आणि पैसाही राज्याचा. पूर, वणवे, हिमवादळं बहुधा यात येतात. २०२५ च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर गार्ड उतरले ते टायटल १० खाली, आणि काही आठवड्यांनी वॉशिंग्टनमध्ये दिसले ते टायटल ३२ खाली. गणवेश तोच, बूट तेच, टीव्हीवर बघणाऱ्याला फरक शून्य. कायद्याच्या नजरेत मात्र ही दोन वेगळी कामं. त्यावरून किती कोर्टकज्जे झाले ते वेगळंच.

शिक्षणाच्या लाभाचं बघितलं तर टायटल १० खालच्या यादीतल्या कलमांची सेवा मोजली जाते. टायटल ३२ ची सेवा सुरुवातीला अजिबात मोजली जात नव्हती. २०११ च्या जानेवारीत झालेल्या दुरुस्तीने ती मोजायला सुरुवात झाली, पण अटींसह : एक तर गार्डच्याच कारभारासाठी पूर्णवेळ नेमलेले असाल, किंवा राष्ट्राध्यक्षांनी राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केलेली असेल आणि त्यासाठी केंद्राच्या पैशाने बोलावलं असेल. कोविडमध्ये ही अट पुरी झाली, म्हणून तर ८९ आणि ९० चा प्रश्न उभा राहू शकला. राज्य सेवा कधीच मोजली गेली नाही. आणि ड्रिल व वार्षिक सराव? तेही नाही.

याहून मासलेवाईक उदाहरण परदेशातल्या तैनातीचं आहे. २०१२ च्या सुमारास राखीव तुकड्यांना आधी ठरवलेल्या मोहिमांवर पाठवण्यासाठी टायटल १० मध्ये एक नवं कलम घातलं गेलं, १२३०४-ब. त्याखाली सक्तीने बोलावून लोक परदेशी पाठवले गेले. घरदार, नोकरी, कॉलेज सोडून ते गेले. पण नवं कलम शिक्षणाच्या यादीत घालायला कुणाच्या लक्षातच आलं नाही. त्यामुळे शेजारच्या बिछान्यावर झोपणाऱ्या पूर्णवेळच्या सैनिकाचे दिवस भरत होते आणि यांचे कोरे जात होते. ही चूक निस्तरायला २०१७ साल उजाडलं. ज्या कायद्याने ती निस्तरली, त्याला हॅरी कोल्मरी यांचंच नाव दिलं आहे.

क्रिकेट बघणाऱ्यांना हे लगेच समजेल. बदली क्षेत्ररक्षक मैदानात येतो, धावतो, झेपावतो, झेलही घेतो. धावफलकावर मात्र त्या झेलापुढे नाव नसतं, नुसतं 'बदली'.

एका वहीत आहे, दुसरीत नाही

ड्रिलचे दिवस मोजायचे तरी कसे, ते मोजणं किचकट आहे, असं कुणी म्हणालं तर त्याला पेन्शनची वही दाखवावी.

राखीव सैनिकाच्या पेन्शनसाठी सरकार अनेक दशकं गुण मोजत आलं आहे. चार तासांच्या एका कवायतीला एक गुण. शनिवार-रविवार मिळून चार कवायती, म्हणून चार गुण. वर्षाला किमान ५० गुण झाले की ते वर्ष पेन्शनला धरायचं. अशी वीस वर्षं झाली की साधारणपणे साठाव्या वर्षी पेन्शन सुरू. म्हणजे तोच शनिवार, तोच रविवार, तोच माणूस. पेन्शनच्या वहीत त्याची नोंद आहे, पगाराच्या वहीतही आहे, शिक्षणाच्या वहीत तेवढी नाही. मोजता येत नाही हे कारण खरं नाही. मोजलेलं आहेच, पान उलटायचं आहे.

"पण त्यांच्यासाठी वेगळी योजना आहे ना?"

आहे, आणि तिचा इतिहास मजेशीर आहे. १९८४ मध्ये मिसिसिपीचे खासदार सनी माँटगोमेरी यांनी जीआय बिलाला नवं रूप दिलं. ते स्वतः गार्डमध्ये मेजर जनरल राहिलेले, त्यामुळे राखीव सैनिकांची आठवण त्यांना होती. सहा वर्षं राखीव सेवेत राहण्याचा करार करणाऱ्याला कुठेही तैनात न होता दरमहा शिक्षणभत्ता मिळेल, अशी तरतूद त्यांनी केली. तेव्हाचे दर : पूर्णवेळच्या सैनिकाला दरमहा ३०० डॉलर, राखीवला १४०. म्हणजे जवळपास निम्मे. अर्धवेळ सेवेला अर्धा लाभ, हा हिशेब कुणालाही पटण्यासारखा होता.

नंतर एक भत्ता वाढत गेला आणि दुसरा रांगत राहिला. आज राखीवचा भत्ता पाचशे डॉलरच्या आतच आहे आणि त्याच योजनेतल्या पूर्णवेळच्या भत्त्याच्या जेमतेम पाचवा हिस्सा आहे. २००८ च्या कायद्याशी तर तुलनाच नको, कारण त्यात शुल्क वेगळं आणि घरभाडं वेगळं. शिवाय राखीवचा भत्ता सेवेत असेपर्यंतच. सेवा सोडली की सर्वसाधारणपणे तो बंद. मधल्या काळात तैनात झालेल्या राखीव सैनिकांसाठी २००४ मध्ये आणखी एक योजना आली होती. तीही २०१५ मध्ये गुंडाळली गेली.

काही राज्यं आपल्या गार्डच्या जवानांना सरकारी विद्यापीठात शुल्कमाफी देतात, हेही खरं. पण ती राज्याराज्यावर अवलंबून, आणि केंद्राच्या 'रिझर्व्ह'मधल्यांना तिचा सहसा उपयोग नाही. आपला लाभ आपल्या सेवेवर ठरावा की आपण राज्याच्या हद्दीच्या अलीकडे राहतो की पलीकडे यावर, असा तो प्रश्न आहे.

विधेयक काय म्हणतं

कॅलिफोर्नियाचे खासदार माइक लेव्हिन यांनी २०२१ मध्ये 'गार्ड आणि रिझर्व्ह जीआय बिल समानता' नावाचं विधेयक मांडलं. त्याचं सार एका ओळीत सांगता येतं : केंद्राच्या पगारावर गणवेशात घालवलेला प्रत्येक दिवस, मग तो सरावाचा असो की तैनातीचा, शिक्षणाच्या जिन्यावर मोजावा. लाभाची रक्कम वाढवा असं त्यात नाही. पायऱ्या कमी करा असंही नाही. राखीव सैनिकांच्या संघटना, त्यात १८७८ पासून चालत आलेली नॅशनल गार्ड असोसिएशनही आली, या मागणीमागे उभ्या आहेत.

१२ जानेवारी २०२२ ला प्रतिनिधिगृहात ते २८७ विरुद्ध १३५ मतांनी मंजूर झालं. सेनेटमध्ये मात्र त्याचा कायदा झाला नाही. अमेरिकी संसदेचा कार्यकाळ दोन वर्षांचा. तो संपला की अर्धवट राहिलेली सगळी विधेयकं आपोआप बाद. मग नवा क्रमांक घ्या, नव्याने मांडा, नव्याने सह्या गोळा करा. ते त्यानंतर पुन्हा पुन्हा मांडलं गेलं आहे.

"अर्धवेळ काम आणि पूर्णवेळचा लाभ?"

हा सर्वांत जोरदार आक्षेप आणि वरवर पाहता रास्तही. एक माणूस तीन वर्षं घरापासून लांब राहतो, दुसरा महिन्यातून दोन दिवस जातो, आणि दोघांना सारखंच? नाही. इथेच तो जिना कामी येतो. कागद-पेन्सिल घ्या.

वर्षाला बारा ड्रिल, प्रत्येकी दोन दिवस : २४. वार्षिक सरावाचे साधारण १५. एकूण ३९ दिवस.

कधीच तैनात न झालेल्या राखीव सैनिकाचे तीन वर्षांत होतील ११७ दिवस. म्हणजे पहिली पायरी, ५० टक्के. सहा वर्षांचा करार पुरा केला की २३४ दिवस, ६० टक्के. पूर्णवेळचा सैनिक तिथे सहा महिन्यांत पोचलेला असतो. सत्तर टक्क्यांसाठी राखीवला चौदा वर्षं लागतील. वीस वर्षं, म्हणजे पेन्शन पदरात पडेपर्यंत, ७८० दिवस होतील आणि तो ८० टक्क्यांच्या पायरीवर असेल. शंभर टक्के? १,०९५ भागिले ३९. अठ्ठावीस वर्षं.

पूर्णवेळच्या माणसाची तीन वर्षं आणि राखीवची अठ्ठावीस. याला कुणी फुकटचा लाभ म्हणत असेल तर माझं काही म्हणणं नाही, फक्त त्याने भागाकार करून म्हणावं. 'समानता' हे विधेयकाचं नाव थोडं दिशाभूल करणारं आहे असं मला वाटतं, आणि त्याच्या समर्थकांनी ते स्वतःहून ओढवून घेतलंय. त्यांना मागायची आहे दिवसाला दिवस अशी मोजणी. नाव ऐकून लोकांना वाटतं, माणसाला माणूस असा लाभ मागतायत.

मोजणीबद्दलचा एक आक्षेप मात्र मी मान्य करीन. ड्रिलचा दिवस आठ तासांचा असतो आणि संध्याकाळी बरेचजण घरी जातात. समुद्रावरच्या जहाजातला दिवस चोवीस तासांचा असतो. दोन्हींना 'एक दिवस' म्हणणं काहींना खटकणारच. पण पूर्णवेळच्या सैन्यातही कचेरीतला कारकून पाच वाजता घरी जातो आणि त्याचाही दिवस पूर्णच धरतात. कायद्याने कधी तास मोजलेले नाहीत.

"सरावात धोका कुठे असतो?"

लाभ धोक्याबद्दल द्यायचा असेल तर मग सगळ्यांसाठीच तसा ठेवावा लागेल. आजच्या कायद्यात तसं नाही. पूर्णवेळच्या सैनिकाने तीन वर्षं अमेरिकेतल्या एका छावणीत गोदाम सांभाळलं आणि परदेशाचं तोंडही पाहिलं नाही, तरी तो शंभर टक्क्यांना पात्र असतो. आणि ते योग्यच आहे, कारण कुठे जायचं हे तो ठरवत नाही. बोलावलं की जायला तयार राहणं हीच त्याची सेवा. राखीव सैनिकही नेमकं तेच करतो.

शिवाय सराव म्हणजे सहल नव्हे. कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात फोर्ट अर्विनला सैन्याचं अवाढव्य युद्धसराव केंद्र आहे. तिथे पूर्णवेळच्या ब्रिगेड जातात, तशा पाळीने गार्डच्याही जातात. त्याच उन्हात, तसेच रणगाडे, तसेच लुटुपुटीचे पण दमवणारे हल्ले. एका ब्रिगेडचे ते दिवस जिन्यावर चढतात. दुसरीचे चढत नाहीत.

"मग पूर्णवेळ सैन्यात कोण जाईल?"

ही भीती सैन्याच्या भरती खात्याला वाटावी हे स्वाभाविक आहे. कॉलेजचं शुल्क हे त्यांचं सर्वांत मोठं आमिष. तेच अर्धवेळ सेवेत मिळू लागलं तर?

पण वरचा भागाकार पुन्हा बघा. कॉलेजसाठीच सैन्यात जाणारा अठरा वर्षांचा मुलगा तीन वर्षांत शंभर टक्के सोडून अठ्ठावीस वर्षांत शंभर टक्क्यांकडे वळेल, हे मला तरी पटत नाही. खरी गंमत दुसरीच आहे. हा जिना राखीव सैनिकाला टिकवून धरू शकतो. आज सहा वर्षांचा करार संपला की शिक्षणाच्या दृष्टीने थांबण्यात फारसं काही उरत नाही. दिवस मोजले जाऊ लागले तर आणखी काही वर्षं थांबल्याने वरची पायरी गाठता येईल. शिकवून तयार केलेला मेकॅनिक किंवा वैद्यकीय मदतनीस आणखी थांबला, तर नव्याला पहिल्यापासून शिकवण्याचा खर्चही वाचतो.

सगळं शेवटी पैशापाशी

अमेरिकेत असा लाभ म्हणजे सरकारवरची कायमची देणेदारी. पात्र माणसाने मागितला की द्यावाच लागतो, दरवर्षी अर्थसंकल्पात तरतूद होवो न होवो. म्हणून सभागृहाच्या नियमांप्रमाणे, असा खर्च वाढवायचा तर तेवढी रक्कम दुसरीकडून दाखवावी लागते. माजी सैनिकांच्या विधेयकांसाठी वारंवार वापरली गेलेली एक युक्ती म्हणजे माजी सैनिकांच्याच सरकारी हमीच्या गृहकर्जावरचं शुल्क चढं ठेवणं. म्हणजे एका सैनिकाच्या कॉलेजचा खर्च दुसऱ्याच्या घरावरून काढायचा. डाव्या खिशातून काढून उजव्यात घातल्यासारखं हे वाटतं आणि ते तसंच आहे. या मुद्द्यावर विरोधकांशी माझं भांडण नाही. पैसे कुठून आणायचे यावर खुशाल वाद घाला. पण 'परवडत नाही' आणि 'त्यांनी कमावलेलं नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि पहिलं म्हणायला अवघड जातं म्हणून दुसरं पुढे केलं जातं.

यातून काय सुटतं

राज्य सेवा या विधेयकाच्या बाहेरच राहते. पुरातून माणसं काढणारा, वणव्याशी झुंजणारा गार्डचा जवान गव्हर्नरच्या हुकमावर असेल तर त्याचे ते दिवस विधेयक मंजूर झालं तरी शून्यच. त्यामागे तर्क आहे : पगार राज्य देतं, तर लाभही राज्याने द्यावा. पण त्या जवानाला हा तर्क समजावून सांगायची पाळी माझ्यावर येऊ नये.

जानेवारी २०२२ मध्ये, प्रतिनिधिगृहात मतदान झालं त्याच महिन्यात, प्रशिक्षण संपवून तुकडीत रुजू झालेली एखादी विद्यार्थिनी डोळ्यांसमोर आणा. एकही ड्रिल न चुकवता चार वर्षांत तिचे १५६ दिवस भरले. विधेयकाच्या हिशेबाने ती तिसऱ्या वर्षीच निम्म्या लाभाला पात्र झाली असती. या चार वर्षांत तिला कुठे तैनात केलं नसेल, तर आजच्या कायद्याने शिक्षणाच्या त्या जिन्यावर तिच्या नावापुढे आहेत शून्य दिवस.